उताराचा दुखवटा

कॉफीचे पैसे द्यायला म्हणून एर्मेलिंदानं कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार, ओलसर लागलं. मुठीत जे आलं ते तिनं न बघताच संगमरवरी काउंटरवर ठेवलं. दोन नाणी, एक चुरगळलेला हातरुमाल, आणि रुमालाच्या घडीतून घरंगळत आलेलं ओकचं एक बी. बी फुटलं होतं. टोकाशी तडकून त्यातून नखाएवढं पांढरं, जरासं वाकडं मूळ बाहेर आलं होतं. काउंटरमागचा आमादेउ तिला कैक वर्षं ओळखत होता. त्यानं नाणी उचलली, बी तसंच राहू दिलं आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हे चलन आमच्याकडे अजून सुरू झालं नाही." शेजारी उभे असलेले दोघं हसले. एर्मेलिंदाही हसली, म्हणजे हसण्यासारखं तोंड तिनं केलं. पण काउंटरची कड तिनं धरून ठेवली. बाहेर ट्राम खडखडत चढावर गेली. लिस्बनमधली एक साधी गुरुवारची संध्याकाळ होती, लोक घरी चालले होते, आणि तिच्यासमोर साखरेच्या पुड्यांशेजारी तिच्या आईच्या उतारावरचं बी मूळ काढून पडलं होतं.

ते तिथं आलं कसं हे आठवायला तिला फार खोल जावं लागलं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई गेली. मातीहून परतताना पाऊस झिमझिमत होता. एर्मेलिंदा सगळ्यांच्या मागे राहिली आणि घराकडे न जाता उतारावर वळली. रडून झालेला रुमाल हातात होता. झाडाखाली वाकून तिनं एक बी उचललं, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ते रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. लिस्बनला येऊन कोट ओलाच कपाटात टांगला आणि कपाटाचं दार लावून घेतलं, ते आज उघडलं. रोज संध्याकाळी खिसे रिकामे करणारी, रुमाल उकळत्या पाण्यात धुणारी, प्रयोगशाळेतला टेबल पुसून झाल्यावर पुसायचं फडकंसुद्धा धुऊन ठेवणारी बाई ती. आयुष्यात एकच खिसा साफ करायचा राहिला आणि त्यात हे उगवलं. तिला वाटलं, आईनं बघितलं असतं तर आधी रुमालाकडे बघून नाक मुरडलं असतं.

कारण साफसफाई ही आईकडूनच आलेली. आलेंतेजो प्रांतातल्या व्हाल-दि-कोर्व्हो गावात आईच्या, म्हणजे जसिंताच्या, घराचा उंबरा सगळ्यांत पांढरा. दर वसंतात भिंतींना चुना, खाली निळा पट्टा, आणि घरामागच्या उतारावर बुचाचे, म्हणजे ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात ते, जुने ओक. त्यांच्याखालची जमीन अशी की जेवण वाढून घ्यावं. गावात बायका आपल्या अंगणाचा तोरा मिरवत, आईचा तोरा उताराचा होता. बाबा होते तोवर ते खेचराच्या नांगरानं, पुढं भाऊ कुस्तोदियो ट्रॅक्टरमागच्या गोल लोखंडी तव्यांच्या कुळवानं दरवर्षी डिसेंबरच्या आत तो उतार उलटापालटा करून ठेवायचे. झुडूप माजलं की उन्हाळ्यात आग लागते, हे एक कारण. खरं कारण लाज हे होतं. ज्याच्या ओकांखाली झुडूप दिसलं त्याच्या घरात आजारपण तरी आहे नाहीतर आळस तरी, असं गाव समजायचं. कुळवातून काही निसटलंच तर आई स्वतः वाकून, काळ्या पदरात... पदर कुठला, काळ्या ॲप्रनमध्ये तणाबरोबर ओकची इवली रोपंही उपटून गोळा करायची. "बिचारं," असं म्हणायची आणि उपटायची. बाबा गेल्यापासून ती काळ्यातच होती. उन्हात ती उलटलेली मोकळी माती आणि त्यात वाकलेली ती काळी आकृती एर्मेलिंदाला आत्ताही डोळे न मिटता दिसली.

आमादेउनं कॉफीबरोबर आणखी एक कागदी रुमाल पुढं सरकवला. तो त्यानं पाण्यात भिजवून आणला होता. काही न विचारता. तिनं बी त्यात गुंडाळलं, आणि मग मात्र तिच्या मनात शनिवार उभा राहिला. रविवारी फोनवर कुस्तोदियो म्हणाला होता की यंदा उशीरच झाला, आईच्या गडबडीत राहून गेलं, आता माती बरोबर ओलावलीय, शनिवारी कुळव घालून मोकळा होतो. तेव्हा ती बरं म्हणाली होती. पण खिशातलं एक फुटलं म्हणजे उतारावरची सगळी फुटली असणार. यंदा झाडांना बी असं आलं होतं की आईच्या मातीच्या दिवशी पायाखाली कचकच वाजत होतं. आणि यंदा, तिच्या जन्मापासून पहिल्यांदा, ते जमिनीवर जिथं पडलं तिथंच होतं.

या झाडांचं तिला काय पडलंय हे लिस्बनमध्ये कुणी विचारलं असतं तर तिनं तासभर सांगितलं असतं. तिचा व्यवसायच तो. पानं दळायची, त्यातून वारशाचा धागा काढायचा, आणि हे झाड कुणाचं लेकरू आहे ते शोधायचं. ओकच्या पानात एक भाग असा असतो की तो फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही संबंध नाही. त्यामुळं माणसाला पणजीपलीकडे काही सांगता येत नाही, पण झाडाची आईची आई हजारो वर्षं मागं नेता येते. मोरोक्कोपासून सार्डिनियापर्यंतची पानं तिनं तपासली होती. आलेंतेजोतले मैलोन् मैल नवे ओक तिनं तपासले, आणि जे निघालं त्यानं तिची झोप उडाली. चांगलं, जाड, गुळगुळीत बूच देणाऱ्या मोजक्या झाडांचं बी पोत्यांनी नेऊन सगळ्यांनी लावलेलं. सगळे एकाच आजीचे नातू. एकाला जे बाधेल ते सगळ्यांना बाधणार, आणि बाधत होतंच. लागोपाठच्या कोरड्या वर्षांत ते उभ्याउभ्या तांबूस होऊन जात होते. आणि मग एकदा, गंमत म्हणून, सुट्टीहून येताना आईच्या उतारावरची मूठभर पानं तिनं आणली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते तिच्याच कपाळी लिहिलेलं होतं. आसपासच्या एकाही टेकडीवर नसलेला, कुणा निराळ्याच आईचा वंश त्या वेड्यावाकड्या, पातळ सालीच्या झाडांत होता. त्या कोरड्या वर्षांत त्यातलं एकही झाड गेलं नव्हतं. बूच त्यांचं भिकार होतं. बाबा म्हणायचे, याची बाटलीला बुचं नाही, चपलेला तळवे करा.

पण ती झाडं म्हातारी होती. बूच काढलं की खोडावर त्या सालाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगानं घालतात, म्हणजे नऊ वर्षं पुन्हा कुणी हात लावायचा नाही. लहानपणी ती खोडांवरचे आकडे वाचत आकडे शिकली. मोठेपणी, डोक्यात ही सगळी विद्या घेऊन त्याच उतारावर उभी असताना तिच्या लक्षात आलं की आकडा नाही असं एकही झाड इथं नाही. अजून बूच न काढलेलं एकही पोर नाही, सगळी म्हातारीच. दोन पिढ्या बी पडत होतं आणि दोन पिढ्या तिचं माहेर ते झाडून काढत होतं, प्रेमानं, कंबर मोडेपर्यंत. गहू, मका भरून ठेवतात तसं हे बी भरूनही ठेवता येत नाही. वाळलं की मरतं, आणि ओलं ठेवावं तर शीतपेटीतसुद्धा फुटतं किंवा कुजतं. तिनं नेलेल्या कैक पिशव्या बियांची ती अवस्था झाली. कुंडीत वाढवलेली रोपं रानात लावली तर मुळं कुंडीसारखीच गोल गोल फिरलेली, पहिल्या ऑगस्टच्या कोरड्या उन्हात संपली. ज्याला जिथं पडलं तिथंच खाली खाली मूळ सोडायचंय, त्याला उचलून दुसरीकडे नेण्यात अर्थ नाही, हे तिला झाडांबद्दल पटत होतं. स्वतःबद्दल ती हा विचार फार पुढं नेत नसे.

आईला तिनं एकदाच सांगून पाहिलं होतं. लसूण-कोथिंबिरीच्या रश्श्यात पाव भिजत घातला होता, वर अंडं सोडलं होतं, आई समोर बसली होती. एर्मेलिंदा म्हणाली की यंदा कुळव नको, रोपं येऊ देत. आईनं आधी तिच्या वाटीत आणखी रस्सा वाढला. मग म्हणाली, "पोरी, तू लिस्बनला कागदावर काय लिहायचं ते लिही. माझ्या उतारावर झुडपं माजली तर लोक म्हणतील जसिंता म्हातारी झाली." तिच्या आवाजात राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते ऐकून एर्मेलिंदानं विषय सोडला. नंतर तिनं तो पुन्हा काढला नाही. परिषदांमधून, मोठ्या मोठ्या सभागृहांतून, ओकच्या रानाला कुळवासारखा दुसरा वैरी नाही असं ती सांगत राहिली आणि टाळ्या घेत राहिली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. तिनं तिथं पथारीच पसरली नाही.

शुक्रवारी दुपारी तिनं कुस्तोदियोला फोन लावला. बी समोर बशीत होतं. मूळ रात्रीत आणखी वाढलं होतं आणि बशीच्या गुळगुळीत तळावर टेकायला जागा शोधत होतं. तिनं गुडघ्याची चौकशी केली. बूच काढायच्या कामात कुऱ्हाड घेऊन शिडीवर उभं राहून राहून त्याचे गुडघे गेले होते. मग पावसाची केली, मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याची. तिकडून तो हो, नाही, ठीक आहे म्हणत होता. मध्ये मध्ये तिला त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू यायचं. शेवटी तो म्हणाला, "आज तू देत नाहीस, लिंदा." बूच काढणाऱ्यांचं ते बोलणं. कुऱ्हाडीचा पहिला घाव घालून, पातं जरासं पिळून बघतात, साल सुटत असेल तर झाड देतंय, नसेल तर देत नाही. देत नसलेल्या झाडाशी जबरदस्ती करायची नाही, आतली साल फाटते आणि झाड जातं. कुऱ्हाड काढून घ्यायची आणि पुढं व्हायचं. त्यानंही तसंच केलं. जेवायला ये हवं तर, असं म्हणून फोन ठेवला. तिला वाटलं, आपल्या सगळ्या विद्येत या एवढ्या शहाणपणाला शब्द नाही. आणि लगेच वाटलं की हे असं वाटणं स्वस्त आहे, कारण उद्या हाच शहाणा माणूस कुळव घालणार आहे.

शनिवारच्या पहिल्या बसनं ती निघाली. पुलावरून नदी मागं पडली, मग भाताची खाचरं, मग हळूहळू ओक सुरू झाले. काय बोलायचं ते ती जुळवत होती. वारसा, वंश, दुष्काळ. प्रत्येक वाक्य जुळून आलं की त्यात तिला आपलाच परिषदेतला आवाज ऐकू यायचा आणि ती ते टाकून द्यायची. कुस्तोदियोला हे कळणार नाही अशातला भाग नव्हता. सगळं कळलं असतं. पण कळून त्याच्या हाती काय आलं असतं? चाळीस वर्षं तू आणि आईनं जे राखलं ते राखणं नव्हतं, मारणं होतं, हेच ना? आईला माती देऊन जेमतेम महिना झालाय, आणि बहीण लिस्बनहून येऊन हे सांगणार. नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत उतार स्वच्छ. पुढच्या वर्षी बी येईलच असं नव्हतं, झाडं दरसाल देत नाहीत, आणि म्हाताऱ्या झाडांच्या देण्यावर कुणी भरवसा ठेवावा? बसच्या खिडकीला कपाळ टेकवून ती बसली. खिशातला ओला कागद तिनं मुठीत धरला होता, पण फार घट्ट नाही.

थांब्यावर उतरली तेव्हाच ट्रॅक्टर ऐकू आला. ती घराकडे वळलीच नाही. भिंतींचा चुना मळलेला होता, खिडक्यांवर पडदे ओढलेले होते, एवढं जाता जाता दिसलं. उताराच्या पायथ्याचा एक पट्टा उलटून झाला होता, काळी ओली माती तव्यांनी कापून चकचकीत केलेली. वरती मात्र झाडांखाली अजून पालापाचोळा होता, आणि ती वाकली तेव्हा पाचोळ्याखाली, जिथं बघावं तिथं, तडकलेल्या बिया आणि मातीत घुसलेली पांढरी मुळं. तिनं आयुष्यभर ज्याच्यावर लिहिलं ते तिनं इथं कधी पाहिलं नव्हतं. कुस्तोदियोनं तिला बघितलं, पट्टा संपवला आणि ट्रॅक्टर तिच्यापाशी आणून थांबवला. इंजिन बंद केलं नाही. दंडावर त्याच्या दुखवट्याची काळी पट्टी होती. एवढ्या सकाळी आलीस, असं त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं.

आणि तिनं जुळवलेलं सगळं एका बाजूला राहिलं. ती विचारून गेली, "घराला चुना देणार आहेस का वसंतात?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे ना? दुखवट्यात चुना कोण देतं?"

"आणि रेडिओ?"

"आई गेल्यापासून लावला नाही. काय चाललंय तुझं?"

"मग इथं कुळव कसा घातलास?"

त्यानं टोपी मागं सरकवली. मग इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की पानांवरून थेंब पडताना ऐकू आले. जमिनीला कसला दुखवटा, असं तो म्हणाला, पण स्वतःलाच विचारल्यासारखं. एर्मेलिंदा म्हणाली की आई घरात किती असायची ते आठव, आणि इथं किती असायची ते आठव. तिची जागा कुठली होती? ट्रॅक्टरवरून उतरायला त्याला वेळ लागला. एक गुडघा, मग दुसरा. खाली उतरून तो उलटलेल्या पट्ट्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "लोक म्हणतील, जसिंता गेली आणि पोरांनी उतार टाकला."

"म्हणू देत की जसिंता गेली म्हणून टाकला."

तो काही खुळा नव्हता. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "हे तुझ्या त्या बियांसाठी चाललंय ना?"

ती खोटं बोलू शकली असती. "बियांसाठीही," ती म्हणाली. "घरून निघाले तेव्हा फक्त बियांसाठीच होतं." आणि मग ती रडली. कबरीपाशी रडली होती त्याहून फार जास्त, आवाज करून, रुमाल नसताना. आईनं उपटलेल्या प्रत्येक रोपासाठी आणि उपटणाऱ्या आईसाठीही. दोन्हीसाठी एकाच वेळी रडता येतं हे तिला माहीत नव्हतं. कुस्तोदियो जवळ उभा राहिला. मातीचे हात त्यानं पँटला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले. तिचं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, आगीचं काय करायचं? तिनं सांगितलं की झुडपं वरून कापता येतील, मी येईन कापायला, फक्त माती उलटू नकोस. त्यानं बोटांवर काहीतरी हिशेब केला. शेवटी म्हणाला, "एक वर्ष. दुखवट्याचं वर्ष. पुढच्या नोव्हेंबरात मी कुळव घालणार."

एका वर्षात ओक वीतभर होतो. तव्यांखाली वीतभर आणि बोटभर सारखंच. पण हे तिनं सांगितलं नाही. तिनं फक्त विचारलं, "आईनं बाबांसाठी काळं किती वर्षं घातलं रे?"

तो वर, झाडांकडे बघत राहिला. खोडांवर त्याच्या हातचे पांढरे आकडे होते, बाबा काढायचे तशाच वळणाचे. "पुरलं तेव्हाही तेच होतं अंगावर," तो म्हणाला.

त्यानं ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली आणि लंगडत घराकडे गेला. तिला वाटलं राग आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आईचा काळा ॲप्रन होता. उताराच्या फाटकाच्या खांबाला त्यानं तो पुढून बांधला, रस्त्यावरून दिसेल असा, आणि नाडीची गाठ दोनदा ओढून बघितली. लोकांना कळायला हवं, म्हणाला, नाहीतर आळशी म्हणतील. एर्मेलिंदानं खिशातला ओला कागद उलगडला, बी काढलं आणि जिथून उचललं होतं त्या झाडाखाली पाचोळा बाजूला करून मूळ खाली करून ठेवलं. बाकीच्यांमध्ये ते लगेच ओळखू येईनासं झालं. मग तिनं भावाला हाक मारली, हे बघायला ये म्हणाली.

कुस्तोदियो फाटकातून आत आला, दोन पावलं टाकली आणि थबकला. आयुष्यभर ज्या उतारावर तो स्वतःच्या ओसरीवर फिरावं तसा फिरला होता, त्याच्या कडेला तो एक पाय उचलून उभा राहिला. हात फाटकाच्या खांबावर, त्या काळ्या कापडावर होता.

"लिंदा," तो म्हणाला, "पाय कुठं ठेवू ते सांग."